फुकटातलं शहर

"बुधवारी इथे तिकीट नसतं," मेहुणा म्हणाला आणि संग्रहालयाच्या मोठ्या दाराऐवजी बाजूच्या लहान दाराकडे वळला. मागोमाग त्याची ताई आणि दाजी निघाले.

दाजींना बरं वाटलं. पण बरं वाटण्याआधी शंका येणं हा त्यांचा जुना स्वभाव होता. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. कुणाची गाडी खरंच ठोकली गेली आणि कुणी मुद्दाम ठोकून घेतली, हे ते नुसत्या बोलण्यावरून ओळखत.

दारावरच्या पहारेकऱ्याने ताईंची पर्स उघडून पाहिली, दाजींची पिशवी चाचपली. मेहुण्याला मात्र त्याने नुसती मान हलवून आत सोडलं.

"ओळखीचा आहे?" दाजींनी विचारलं.

"छे. तो सगळ्यांनाच मान हलवतो."

दाजींना हलवली नव्हती.

आत कोणत्या दालनात गारवा असतो, थंड पाणी कुठे मिळतं, कोणत्या मजल्यावरचं स्वच्छतागृह स्वच्छ असतं, सगळं मेहुण्याला तोंडपाठ. ताईंना भावाचं कोण कौतुक. दाजींना कोडं पडलं. काल रात्रीच त्याची बायको सांगत होती, ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते, पाहुण्यांसाठी म्हणून कशीबशी एक दिवस रजा मिळाली.

दुपारी ते मोठ्या बागेत आले. तिथेही तिकीट नव्हतं. मेहुणा वाट वाकडी करून झाडाआडच्या एका बाकावर जाऊन बसला. बसतो न बसतो तोच एक काळं मांजर धावत आलं आणि त्याच्या पायाला अंग घासू लागलं.

रोपांना पाणी घालणाऱ्या माळ्याने वळून पाहिलं. "साहेब, आज डबा नाही आणला?"

"पाहुणे आहेत," मेहुणा घाईने म्हणाला. "ताई, चल, तुला तळ्यातली कमळं दाखवतो."

दाजी उठले नाहीत. पाय दुखतात म्हणाले. त्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला होता. भर कामाच्या वेळी, बायकोने दिलेला डबा घेऊन, झाडाआड बसणारा माणूस एकटा नसणार. काहीतरी भानगड आहे. बहीणभाऊ लांब गेल्यावर त्यांनी माळ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "यांच्याबरोबर आणखी कोण असतं?"

"कोण असणार? हे मांजर." माळ्याने नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. "सकाळी येतात, संध्याकाळी जातात. पाऊस असला की वाचनालयात बसतात म्हणे. भला माणूस आहे."

मांजर बाकावर चढून दाजींच्या पिशवीचा वास घेऊ लागलं, तरी त्यांनी ते हाकललं नाही.

शेवटी मेहुण्याने त्यांना एका उंच इमारतीच्या गच्चीवर नेलं. तिथून सगळं शहर दिसत होतं. ताई कठड्यापाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या.

"तुझं ऑफिस इथून दिसतं का रे?" दाजींनी हळूच विचारलं.

मेहुण्याने बोट उचललं. ते एका बाजूला गेलं, मग थोडं दुसऱ्या बाजूला. "त्या निळ्या काचांच्या मागे."

"मागे म्हणजे दिसत नाही."

"नाही, दाजी. दिसत नाही."

'कधीपासून' हा शब्द दाजींच्या अगदी ओठावर आला होता. आयुष्यभर असाच एक प्रश्न टाकून ते समोरच्याला बोलतं करत आले होते. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. तो कठड्याला घट्ट धरून उभा होता.

"वारा छान आहे इथे," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा वेळेवर तयार झाला. बायकोने डबा हातात दिला आणि कॉलर नीट केली. जाता जाता तो म्हणाला, "दाजी, आज तुम्ही दोघंच फिरा. माझी सुटी संपली."

दार लागलं. ताई केस विंचरत होत्या. "काय हो, परत त्या बागेतच जाऊ या का? मांडीवर डबा घेऊन निवांत बसू. एक पैसा लागत नाही."

"बाग नको."

"मग वाचनालय? ते राहिलंच की बघायचं."

"तेही नको." दाजींनी कपाटातून पाकीट काढलं आणि खिशात घातलं. "आज जिथे तिकीट लागतं, तिथेच जाऊ."