सीताफळीमागचं मडकं

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी सकाळी काजलच्या प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या. बापूरावांना त्यातलं एवढंच कळलं, की काल त्या एकतीस होत्या. डॉक्टरांनी रक्तपेढीची चिठ्ठी लिहिली. मुलगा राकेश ती घेऊन धावला. सून सरिता पोरीच्या उशाशी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. म्हाताऱ्या माणसानं अशा वेळी करावं तरी काय? बापूराव आपले पायथ्याशी उभे राहून नातीचे तळवे चोळत होते.

"आबा," काजल डोळे न उघडता म्हणाली, "पान सुटलं का?"

"कोणतं पान?" सरितानं विचारलं.

"काई नाई, तापात बडबडून राह्यली," बापूराव घाईनं म्हणाले.

नऊ वर्षांची पोर ती. तापातही तिनं आबांचं गुपित राखलं.

नालवाडीच्या विहारापाशी बापूरावांच्या वडिलांनी छप्पन साली पिंपळ लावला होता. यंदा उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला आणि पिंपळ गेला. आडव्या पडलेल्या झाडाची पानं बापूरावांनी पोतंभर गोळा केली. पिंपळाचं पान महिनाभर पाण्यात कुजू द्यायचं, मग मऊ ब्रशनं गाळ काढायचा. उरते ती नुसती शिरांची जाळी. तिच्यावर ते बुद्धाचं चित्र काढत. हात थरथरायचा, पानं फाटायची. पोत्यातली शेवटची सात उरली होती आणि त्यातलं एक काजलचं होतं.

पण पाणी ठेवणार कुठं? सरिता गावची आशाताई. दर शुक्रवारी घरोघर जाऊन लोकांचे कूलर, टायर, माठ उपडे करणारी. बापूरावांची बादलीही तिनं दोनदा मोरीत रिकामी केली होती, पानांसकट.

"आपल्याच घरी पाणी साचलं तं मी लोकायले कोणत्या तोंडानं सांगू, मामाजी?"

म्हणून आजोबा-नातीनं मिळून परसातल्या सीताफळीमागं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. भोवती काटक्या रचल्या. तोंड उघडंच ठेवलं, कारण झाकलं की पानं काळी पडतात असा बापूरावांचा अनुभव. वरून कडुलिंबाचा पाला टाकला. दोन महिने झाले तरी पाण्यात एक अळी म्हणून नाही. "पाह्य, निंबाचा गुण!" ते काजलला ऐटीत सांगायचे. पुढं त्यांचा गुडघा धरला, खाली बसवेना. तेव्हापासून पानं पाहायचं काम काजलकडं आलं. शाळेतून आली की ती तिथं जाऊन उकिडवी बसायची.

दुपारी सरितानं त्यांना चादर आणायला घरी पाठवलं. बापूरावांनी मनात ठरवलं, पानही आणू. पोरीच्या हातात तेवढं तरी देऊ.

फाटकाशी शेजारची जिजाबाई उभीच होती. "आशाताईच्याच घरी डेंगू! दिव्याखाली अंधार म्हणते ते काई खोटं नाई."

"चूप राय ना बाई!" बापूराव खेकसले आणि परसात गेले.

कळ सोसत ते सीताफळीमागं बसले. काटक्या बाजूला केल्या. पाला सारला.

पाणी वळवळत होतं. एक-दोन नाही, सगळं पाणीच जिवंत झालं होतं.

आणि त्यांना आठवलं. काजल म्हणाली होती, "आबा, पाण्यात बारीक बारीक काईतरी नाचून राह्यलं." ते खाटेवरूनच बोलले होते, "बेंडकाचे पिल्लं असन. तू पानं पाह्य."

अरे, काय केलं हे! नातीला त्यांनी स्वतःच्या हातानं, रोज संध्याकाळी, त्या मडक्याशी नेऊन बसवलं होतं. बापूरावांनी दगड उचलला आणि मडकं फोडलं. पाणी मातीत जिरलं. काजलचं पान सगळ्यात वर पडलं होतं, पूर्ण सुटलेलं, एकही शीर तुटलेली नाही. त्यांच्यानं ते उचलवलं नाही.

चादर घेऊन ते परतले, तेव्हा राकेश वॉर्डाबाहेर होता. डोळे लाल.

"चढवून राह्यले. संध्याकाळपावतर काईच सांगता येत नाई म्हणते." मग दात खाऊन म्हणाला, "कोणाच्या घरच्या पाण्यानं झालं हे, तेवढं मालूम पडू द्या बाबा. जित्ता सोडत नाई त्याले."

तो औषधाच्या दुकानाकडं गेला. बापूराव बाकावर टेकले. सांगायलाच पाहिजे होतं. आज नाही सांगितलं तर जन्मात सांगवणार नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं.

सरिता बाहेर येऊन शेजारी बसली.

"सरिता बेटा, मले काई सांगाचं हाय तुले."

"मंग सांगा. आदी माझं आयका, मामाजी." चार दिवसांत ती पहिल्यांदा रडली. सासऱ्याचे दोन्ही हात तिनं धरले. "यायले सांगू नका, मारून टाकतीन मले. तुमचं सीताफळीमागचं मडकं मले पह्यलेपासून मालूम होतं. तुमचा त्या पानायतला जीव पाह्यला, सांडाची हिंमतच नाई झाली. दर शुक्रवारी तुमी दुपारचे झोपले का मीच त्याच्यात अळ्यायची दवाई टाकत होती. ह्या तीन शुक्रवारी साऱ्या गावात टाकली, मामाजी, अन् आपल्याच घरी टाकाची राह्यली."