रिकामा डबा देऊ नये

वालाचं बियाणं न्यायला दिलेला डबा संशोधक साहेबांनी सात वर्षांनी परत आणला, तोही भरून. ठकूबाईला भरून आलं. शेजारधर्म पाळणारी माणसं हल्ली मिळतात कुठं!

डब्यात चकचकीत पाकीट निघालं. आत तिचेच काळे वाल, वर कंपनीचं नाव. खालची बारीक अक्षरं साहेबांनीच वाचून दाखवली, "राखून पुन्हा पेरायला मनाई आहे."

"वाण आता कंपनीच्या नावावर आहे ना, मावशी!" साहेब हसले. "बरं, तुमचे ते तांबडे वालही द्या मूठभर. जुनं जपलं पाहिजे."

"देते की! रिकामा डबा कसा धाडू?" म्हणत ठकूबाई चुलीपाशी गेली. बऱ्याच वेळानं आली. डबा घेताना साहेबांना चटका बसला.

"भाजलेत," ती म्हणाली. "पोटभर खा. पेरायला मनाई आहे."