कोरडा माल

बाबा बांधकामावर सिमेंटचा माल कालवतात. ऑफिसातल्या मॅडमना मात्र मी “कॉन्ट्रॅक्टर आहेत” असं सांगितलं होतं. त्यांनी आम्हा दोघांना जपानी हॉटेलात नेलं. रश्शाशिवायचे कोरडे नूडल्स आले; वर खिमा, कांद्याची पात, कच्चा बलक. मॅडम आणि मी काड्यांनी वरवरचं उचलत होतो. बाबांनी चमचा फावड्यासारखा धरून तळाशी खुपसला आणि कडा निपटत सगळं उलटंपालटं केलं. “कोरडा माल आधी नीट...” मेल्याहून मेल्यासारखं होऊन मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. एवढ्यात आचारी आला. “हे असंच कालवायचं असतं. सांगून सांगून माझा घसा बसतो. कुठे शिकलात, काका?” बाबांचा चेहरा उजळला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सिमेंटनं चिरलेली बोटं हळूच टेबलाखाली नेली. “मला कुठलं येतंय,” ते म्हणाले. “मी कॉन्ट्रॅक्टर. कालवायला माणसं ठेवलीत.”