पाचवी शिट्टी

आमच्या ह्यांना तयारीचं भारी वेड. रविवारी सकाळी आगीतून बाहेर पडायची रंगीत तालीम झाली. नियम एकच: कुणी आत अडकलं, तर गळ्यात अडकवलेली शिट्टी तीनदा वाजवायची.

दोन मिनिटांत मी, हे, लेक आणि कवळी मुठीत धरून सासूबाई फाटकापाशी हजर. आगीच्या तालमीतही ह्यांनी दाराला कुलूप मात्र लावलंच.

तेवढ्यात वरून, आमच्याच घरातून, तीन शिट्ट्या आल्या.

"वा! इथवर स्पष्ट ऐकू येतंय," हे खूश.

मी सगळ्यांचे गळे तपासले. चारही शिट्ट्या जागेवर होत्या.

"पाकिटात पाच होत्या," हे पुटपुटले. "एक उरली, ती घरातच ठेवली."

पुन्हा तीन शिट्ट्या. आता कुलपाच्या अलीकडून, जिन्यातून.

ह्यांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं. याला फारच वेळ लागला."