सहाव्या टेबलावरचा निरोप

"अर्धा तास झाला," निरीक्षक म्हणाला, "आणि इथे नुसती एक मोडकी खुर्ची छताला टांगलीय."

"मग पुढच्या दालनात चला," बायको म्हणाली.

पण खुर्चीकडे तीही बघत नव्हती. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं, आणि ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. तीस वर्षं त्याने दुकानदारांचे तराजू तपासले होते. कुणी पारड्याच्या बुडाला मेण चिकटवलंय, हे दुकानात पाऊल टाकताच त्याला कळायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, नजर काही निवृत्त झाली नव्हती.

मुलाकडे जाताना वाटेत या शहरात एक दिवस थांबायचं, हा हट्ट तिचा. सव्वीस वर्षांपूर्वी तो दीड वर्ष इथे बदलीवर होता, एकटाच. मुलाची शाळा होती म्हणून ती घरीच राहिली होती. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं तो तेव्हापासून सांगत आला होता आणि तिनेही कधी वाद घातला नव्हता. या वेळी मात्र तिने परस्पर तिकिटं काढली. सामान हॉटेलात टाकलं आणि त्याला चहासुद्धा पिऊ न देता थेट या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आणलं. जिने सारा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला, जिने घरात साधं चित्र कधी टांगलं नाही, तिने!

शिवाय ते मोबाइलचं होतंच. गेला महिनाभर ती दुपारी कानात इअरफोन घालून बसायची. तो खोलीत आला की बंद. विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो, जुनी गाणी." गाणं ऐकणारा माणूस मान तरी डोलावतो. ही दगडासारखी बसलेली असायची.

तेवढ्यात दारातून पिकल्या दाढीचा एक उंच माणूस आत आला. गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र.

"आलात?" तो बायकोला हळूच म्हणाला. "मला वाटलं, ऐन वेळी विचार बदलाल."

"नाही बदलला."

"आणि हे...?"

"हो. हेच."

दाढीवाल्याने निरीक्षकाला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि घाईने नजर वळवली. नमस्कारसुद्धा केला नाही. दोघं चार पावलं बाजूला गेली. निरीक्षक भिंतीवरची पाटी वाचल्यासारखं करत कान देऊन उभा राहिला.

"तुम्ही म्हणाल तर आजच काढून टाकतो," दाढीवाला म्हणत होता.

"नको. राहू दे. लोकांनी ऐकलं तर ऐकू दे."

"मग इथे सही लागेल."

तिने सही केली.

छत्तीस वर्षांचा संसार, आणि आपल्याला कशाचा पत्ताच नाही!

पुढच्या दालनात बारा टेबलं मांडली होती. प्रत्येकावर एक जुना फोन. दाराशी लिहिलं होतं, की घरी कुणी नसलं की निरोप टिपून ठेवणारी ही यंत्रं भंगारबाजारातून गोळा केली आहेत; त्यांत राहून गेलेले निरोप इथे ऐका; कुणाचा आवाज ओळखलात तर आम्हाला कळवा.

बायको इकडेतिकडे न बघता सहाव्या टेबलाशी गेली. रिसीव्हर कानाला लावला, डोळे मिटले. ऐकून संपलं तरी तिने तो खाली ठेवला नाही. पुन्हा ऐकलं.

आता त्याला राहवेना.

"कोण आहे तो?"

"कोण?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. महिनाभर तू हेच ऐकतेयस. त्या दाढीवाल्यालाही ठाऊक आहे. जगाला माहीत, फक्त मीच आंधळा! कधीपासून चाललं होतं हे?"

शेजारच्या टेबलावरची एक मुलगी वळून बघायला लागली. बायकोचा आवाज मात्र चढला नाही.

"इंटरनेटवर त्यांनी जेमतेम अर्धा निरोप टाकला होता. मलाही आधी खात्री नव्हती. म्हणून त्यांच्याकडून पूर्ण मागवून ऐकला. तुम्हीही पूर्णच ऐका." तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला. "मध्ये ठेवू नका."

त्याने तो कानाला घट्ट दाबला. खरखर झाली. मग एका पुरुषाचा आवाज आला, जरा नाकातला, मध लावून बोलणारा. ऐकताक्षणीच त्या आवाजाची त्याला शिसारी आली.

"अगं, उचल ना. बरं, नसशील घरी. मी मंगळवारी येतोच."

मंगळवारी! निरीक्षकाने दात आवळले. आपण कामाच्या रगाड्यात मान मोडून घेत होतो तेव्हा हा लफंगा मंगळवार ठरवत होता.

"आणि माझ्या बायकोचं मनातून काढून टाक. साधी आहे ती. संशय कशाशी खातात, तिला ठाऊक नाही."

म्हणजे याचं लग्नही झालेलं होतं! त्या कुठल्या कोण बाईची निरीक्षकाला क्षणभर कीव आली. त्याने मान वर केली. बायको समोर उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, मुद्रितातली एखादी ओळ पुन्हा एकदा वाचावी तशी.

कानात पुन्हा खरखर झाली.

"काही लागलंच तर ऑफिसात फोन कर. वजनमापे कार्यालय. निरीक्षकांना द्या म्हणायचं, बस्स. इथे निरीक्षक मी एकटाच आहे."