उसना शिणवटा

पोट उतरावं म्हणून टेकडीवर पळून हेरंब घरात शिरला, पण ना धाप, ना पोटऱ्यांत गोळे. एकाचा शिणवटा दुसऱ्याच्या अंगात धाडणारं अ‍ॅप त्यानं हौसेनं स्वतःच रचलं होतं, आणि तेव्हापासून तो दमतच नव्हता. दमल्याशिवाय का कुणाचं अंग कमावलं जातं?

आत खाटेला खिळलेली आत्या मात्र धापा टाकत होती. तिच्या मनगटावरचा पट्टा पाहून त्यानं कपाळावर हात मारला. तिथं ‘द्या’च्या जागी ‘घ्या’ चालू होतं.

“आत्या, पडून पडून येणारा तुझा शीण मी घ्यावा म्हणून केलं होतं गं हे!”

“मेल्या, मीच फिरवलं ते. पोराला कुणी आपला शीण देतं होय?”

“आणि माझं पोट? तसूभर हललं नाही! तुझा जीव मात्र अर्धा झालाय. उद्यापासून पळणं बंद.”

आत्याचा चेहरा उतरला. “असं नको रे करू. वडाजवळचा चढ आला की पोटऱ्या कशा भरून येतात! किती वर्षांनी पायांना काही कळतंय. तू नाही गेलास, तर मी टेकडीवर कशी जाऊ?”

हेरंबनं चरफडत, काढलेले बूट पुन्हा पायांत चढवले.