लाल मूठ

पोशेऱ्याची गौरा पहिल्यांदाच विमानात बसणार होती. लेक चंदना धावण्याच्या शर्यतीला निघालीय, एवढंच तिला ठाऊक होतं. विमानतळावरच्या तपासणीत जवानाने चंदनाची बॅग अडवली, उघडली आणि आतल्या लाल मुठीला हात घातला.

"साहेब, ती ओढू नका," चंदना घाईने म्हणाली. "सगळं पॅराशूट बाहेर येईल. उद्या मला तेच बांधून उडी मारायचीय."

"उडी? कुठून?"

चंदनाने आईकडे बघितलं. "विमानातून."

जवानाचा हात अजून मुठीवरच होता. गौरा पुढे झाली.

"हात काढा, साहेब. माझ्या पोरीचा जीव आहे त्यात."

त्याने हात मागे घेतला. गौराने बॅग उराशी धरली आणि लेकीला हळूच विचारलं, "घडी नीट घातलीस ना गं याची?"